चेसचं रेटिंग जिंकल्यावर किती वाढते, हरल्यावर किती जाते: वहीत मांडायचा पूर्ण हिशोब

आपल्याकडे तालुक्याच्या गावांतून आता लय पोट्टे चेस खेळून राहिले. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला, फायनलमध्ये कोनेरू हम्पीला हरवलं, अन् तेव्हापासून तं जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरीसुद्धा दप्तरात गुंडाळायचा बोर्ड घेऊन फिरतात. मी संध्याकाळी गावच्या वाचनालयात पोरांना शिकवतो, मला हे पाहून मनापासून आनंद होते. पण पोरगं पहिल्यांदा फिडे (जागतिक चेस संघटना) रेटेड टुर्नामेंट खेळून घरी आलं की दोन दिवसांत माय-बापाचा फोन येतेच, की सर, पाच पॉइंट केले तरी रेटिंग तीननंच काहून वाढलं, त्याच्या दोस्ताचे पॉइंट याच्यापेक्षा कमी होते तरी त्याचं कसं जास्त वाढलं, अन् ड्रॉ केली म्हणजे हरला तं नाही ना, मंग त्याच्यातही मायनस कसं?

फोनवर हे समजावणं कठीण आहे, म्हणून इथं सगळं लिहून ठेवतो. वही, पेन अन् मोबाईलमधलं साधं कॅल्क्युलेटर घेऊन बसा. बेरीज-वजाबाकी अन् एक गुणाकार, याच्यापलीकडे काही लागत नाही, सातवीतलं पोरगं आरामात करते.

आधी मुद्दा समजून घ्या

रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, ते जिंकल्याचं बक्षीस नाही. तुमच्याकडून किती गुणांची अपेक्षा होती अन् तुम्ही प्रत्यक्षात किती केले, यातला फरक म्हणजे रेटिंगमधला बदल. एकरी सहा क्विंटल सोयाबीनचा अंदाज होता अन् आठ झालं तं माणूस खुश, दहाचा अंदाज होता अन् आठच झालं तं तोंड उतरते, माल दोन्ही वेळेला आठच क्विंटल. चेसमध्येही तेच, पॉइंट सारखेच असले तरी अंदाज वेगळा असला की रेटिंगचा बदल वेगळा येते.

हा अंदाज कोणी आर्बिटर, म्हणजे पंच, बसून ठरवत नाही. तो दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून निघते. अमेरिकेत मिलवॉकीला आर्पाड इलो नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, जन्म हंगेरीचा, स्वतः चांगले खेळाडू, त्यांनी ही पद्धत बसवली. अमेरिकेच्या चेस फेडरेशननं ती १९६० मध्ये घेतली अन् फिडेनं १९७० मध्ये, आजही पाया तोच आहे. कार्लसनचं मे २०१४ मधलं २८८२ हे आजवरचं सगळ्यात वरचं रेटिंग घ्या की आपल्या गावच्या पोराचं १४५० घ्या, दोघांच्या हिशोबाला सूत्र एकच लागते:

रेटिंगमधला बदल = के × (मिळालेला गुण − अपेक्षित गुण)

मिळालेला गुण म्हणजे जिंकलं तं १, ड्रॉ तं ०.५, हरलं तं ०. बाकी दोन गोष्टी, के अन् अपेक्षित गुण, आता एकेक करून काढू.

पहिली पायरी: तुमचा के कोणता ते शोधा

के म्हणजे तुमचं रेटिंग किती जोरात हलेल त्याचा आकडा. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांच्या, रेटिंगसाठी फिडेचे नियम असे:

नवीन खेळाडू असेल तं त्याचे ३० रेटेड डाव पूर्ण होईपर्यंत के ४०.

वय १८ पूर्ण होते त्या वर्षाच्या शेवटापर्यंत, अन् रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, तेव्हाही के ४०. इथं वाढदिवसाची तारीख पाहायची नाही, वर्ष पाहायचं. २००९ मध्ये जन्मलेल्या पोरीला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत ४० चा के राहते, मंग वाढदिवस जानेवारीत असो की नोव्हेंबरात.

त्यानंतर रेटिंग २४०० च्या खाली असेपर्यंत के २०.

अन् एकदा २४०० ला पोचला की के १०, पुन्हा खाली घसरला तरी १० च राहते.

म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक शाळकरी पोरांचा के ४० अन् रेटिंगमध्ये मुरलेल्या मोठ्या माणसांचा २०. आता याचा परिणाम पाहा. सारख्याच रेटिंगचे दोघं खेळले, एक नववीतली पोरगी अन् दुसरे बँकेत नोकरी करणारे काका, पोरगी जिंकली तं तिचे २० वाढतात पण काकांचे १० च जातात. एकाचं जेवढं गेलं तेवढंच दुसऱ्याला मिळालं असं इथं होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसते अन् मंग त्यांचा हिशोब जुळत नाही. ४० चा के हा वाढत्या वयातल्या पोरांसाठी मुद्दाम ठेवला आहे, कारण पोरगं सहा महिन्यांत कुठल्या कुठं जाते, रेटिंगला त्याच्या मागं धावता आलं पाहिजे. पण हाच ४० चा के खाली पण तेवढ्याच जोरात ओढते, हे लक्षात ठेवा, अन् पोराचं एका टुर्नामेंटमध्ये साठ-सत्तरनं घसरलं म्हणून त्याला बोलू नका. त्या वयात हे होतेच.

एक बारीक नियम अजून आहे. एका महिन्यात रेटेड डाव लय जास्त झाले अन् के गुणिले डाव हे ७०० च्या वर गेलं, तं के कमी करतात, एवढा की गुणाकार ७०० च्या आत बसला पाहिजे. समजा दिवाळीच्या सुट्टीत पोरानं एकाच महिन्यात नऊ राऊंडच्या दोन टुर्नामेंट मारल्या अन् सगळे १८ डाव रेटेड निघाले, तं ४० × १८ = ७२०, हे बसत नाही, ३९ × १८ = ७०२, हेही नाही, ३८ × १८ = ६८४, हे बसते. मंग त्या महिन्याचा के ३८. सुट्ट्यांत हिशोब थोडासा चुकला असं वाटलं तं आधी हे तपासा.

दुसरी पायरी: कोणते डाव मोजायचे नाही ते खोडून टाका

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होते, अन् पाच पॉइंटला तीननंच काहून वाढलं याचं उत्तर पण इथंच आहे.

समोरचा अनरेटेड, म्हणजे अजून रेटिंग नसलेला, असेल तं तुमच्या रेटिंगसाठी तो डाव धरतच नाही. जिंका, हरा, ड्रॉ करा, बदल शून्य. टुर्नामेंटच्या पॉइंट टेबलमध्ये तुमचा एक पॉइंट लागते, बक्षिसासाठी तो पक्का आहे, पण रेटिंगच्या वहीत त्याची नोंद नाही.

बाय मिळाला, म्हणजे जोडीदारच नाही म्हणून न खेळता गुण मिळाला, तं मोजायचा नाही. समोरचा आलाच नाही, एसटी चुकली, घड्याळ सुरू करून वाट पाहिली अन् आर्बिटरनं पूर्ण गुण दिला, तोही मोजायचा नाही. डाव रेटिंगसाठी धरायला दोघांनीही कमीत कमी एक-एक चाल केलेली पाहिजे.

अन् जी स्पर्धा फिडेकडे नोंदलेलीच नाही तिचा रेटिंगशी काही संबंध नाही. गणपतीत मंडळाची स्पर्धा असते, आमदार चषक असते, शाळेच्या तालुका-जिल्हास्तरीय स्पर्धा असतात, त्या खेळाच, तिथं बसायची सवय होते, घड्याळाची भीती जाते, पण तिथं जिंकल्यानं फिडेचा एक पॉइंट हलत नाही. प्रवेशिका भरायच्या आधी पत्रकावर फिडे रेटेड लिहिलं आहे का, अन् कशात, क्लासिकल, रॅपिड की ब्लिट्झ, ते वाचा. तिन्ही रेटिंग वेगवेगळे असतात, एकाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. पूर्ण डावासाठी एका खेळाडूला दहा मिनिटांपेक्षा जास्त पण साठच्या आत वेळ असला तं रॅपिड, दहा किंवा त्याच्या आत असलं तं ब्लिट्झ, चालीमागचे वाढीव सेकंद असतील तं ते साठ चालींचे धरून. रविवारच्या एका दिवसात आटोपणाऱ्या सात-आठ राऊंडच्या टुर्नामेंट बहुतेक रॅपिडच असतात, अन् माय-बाप पाहतात क्लासिकलचा रकाना, की काही बदललंच नाही.

तिसरी पायरी: फरक काढा अन् अपेक्षित गुण पाहा

समोरच्याचं रेटिंग अन् तुमचं रेटिंग यातला फरक काढा. टुर्नामेंट सुरू झाली तेव्हा लागू असलेल्या लिस्टमधलं रेटिंग घ्यायचं, दोघांचंही. फिडेची लिस्ट दर महिन्याच्या १ तारखेला येते. टुर्नामेंट चालू असताना तिसऱ्या राऊंडला जिंकलं म्हणून चौथ्या राऊंडला रेटिंग वाढवून धरायचं नाही, शेवटपर्यंत तोच आकडा.

मंग हा तक्ता. पहिला आकडा रेटिंगमधला फरक, दुसरा ज्याचं रेटिंग जास्त त्याचा अपेक्षित गुण, तिसरा ज्याचं कमी त्याचा:

० : ०.५० : ०.५०
२५ : ०.५३ : ०.४७
५० : ०.५७ : ०.४३
७५ : ०.६० : ०.४०
१०० : ०.६४ : ०.३६
१२५ : ०.६७ : ०.३३
१५० : ०.७० : ०.३०
१७५ : ०.७३ : ०.२७
२०० : ०.७६ : ०.२४
२५० : ०.८१ : ०.१९
३०० : ०.८५ : ०.१५
३५० : ०.८९ : ०.११
४०० : ०.९२ : ०.०८

फिडेचा खरा तक्ता याच्यापेक्षा बारीक आहे, सात-आठ पॉइंटच्या टप्प्यानं जाते, पण घरी अंदाज घ्यायला हा पुरते. मधला आकडा आला तं मधली किंमत धरा, एखाद्या पॉइंटचा फरक पडेल. इंटरनेटवर दहाच्या घातांकाचं सूत्र सापडते, एक भागिले एक अधिक दहाचा घात वगैरे, त्यानं उत्तर जवळपास तेच येते, पण फरक मोठा असला की थोडं हलते, ४०० च्या फरकाला सूत्रानं ०.०९ येते अन् फिडेच्या तक्त्यात ०.०८ आहे. फिडेचं रेटिंग काढायचं तं तक्ताच धरा.

अन् तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी ४०० च्या वरचा कितीही फरक असो, तो ४०० च धरायचा. म्हणजे १५०० वाल्याची गाठ २२०० वाल्याशी पडली तरी त्याचा अपेक्षित गुण ०.०८ च. हरला तं के ४० असताना ३.२ जातात, बस. मोठ्या खेळाडूशी हरलं तर लय नुकसान होते ही समजूत डोक्यातून काढून टाका, ओपन, म्हणजे रेटिंगची मर्यादा नसलेल्या, टुर्नामेंटच्या पहिल्या राऊंडला वरच्या बोर्डावर ग्रँडमास्टरसमोर नाव लागलं तं पोराला सांगा की तीन पॉइंटात अशी शिकवणी कुठंच मिळत नाही, मन लावून खेळ अन् डाव झाल्यावर त्यांना विचार की माझं कुठं चुकलं.

चौथी पायरी: एक पूर्ण टुर्नामेंट मांडून पाहू

समजा पोरीचं रेटिंग १५६०, वय १५, के ४०. नागपूरला नऊ राऊंडची क्लासिकल टुर्नामेंट. इथं मी फिडेच्या बारीक तक्त्यातले आकडे घेतले आहेत.

पहिला राऊंड, समोर १९८५. फरक ४२५, धरायचा ४००. अपेक्षित ०.०८, हरली. ० − ०.०८ = −०.०८, गुणिले ४० = −३.२.

दुसरा राऊंड, समोर अनरेटेड, जिंकली. खोडा.

तिसरा राऊंड, समोर १७१२. फरक १५२, अपेक्षित ०.३०, ड्रॉ. ०.५ − ०.३० = ०.२०, म्हणजे +८.

चौथा राऊंड, समोर १४९८. फरक ६२, आता ही वरची, अपेक्षित ०.५९, जिंकली. १ − ०.५९ = ०.४१, म्हणजे +१६.४.

पाचवा, समोर १६५५. फरक ९५, अपेक्षित ०.३७, हरली, −१४.८.

सहावा, समोर १४४०. फरक १२०, अपेक्षित ०.६६, ड्रॉ. ०.५ − ०.६६ = −०.१६, म्हणजे −६.४. पाहा, ड्रॉ केली अन् मायनस. तिसऱ्या राऊंडची ड्रॉ प्लस, ही ड्रॉ मायनस, दोन्ही वेळेला पाटावर अर्धाच गुण.

सातवा, समोरचा आलाच नाही. पूर्ण पॉइंट मिळाला, पण रेटिंगसाठी खोडा.

आठवा, समोर १५७०. फरक १०, अपेक्षित ०.४९, जिंकली, +२०.४.

नववा, समोर १६०३. फरक ४३, अपेक्षित ०.४४, हरली, −१७.६.

आता बेरीज: −३.२ + ८ + १६.४ − १४.८ − ६.४ + २०.४ − १७.६ = +२.८. जवळचा पूर्ण आकडा ३, म्हणजे १५६३. त्या महिन्यात अजून एखादी टुर्नामेंट असेल तं तिचा दशांशातला आकडाही यात मिळवायचा अन् मंगच पूर्णांक करायचा, आधी नाही.

पॉइंट टेबलवर पोरीचे ९ पैकी ५, घरच्यांना वाटलं लय भारी वाढेल. पण रेटिंगला धरलेले डाव ७ च, त्यात गुण ३, अन् अपेक्षा होती ०.०८ + ०.३० + ०.५९ + ०.३७ + ०.६६ + ०.४९ + ०.४४ = २.९३. तीनमधून २.९३ गेले की उरले ०.०७, गुणिले ४०, पुन्हा २.८ च. घाईत असाल तं असाच हिशोब करा, सगळे अपेक्षित गुण एकत्र, मिळालेले गुण एकत्र, वजाबाकी अन् एकच गुणाकार. दोन्ही पद्धतीनं करून उत्तर जुळलं म्हणजे वही बरोबर.

हीच टुर्नामेंट, हेच निकाल २० चा के असलेल्या माणसाचे असते तं +१.४, म्हणजे १ नं वाढलं असतं.

एक गोष्ट जी बहुतेक जण पाहत नाहीत

वरच्या नवव्या राऊंडला परत जा. हरली तं −१७.६. ड्रॉ असती तं ०.५ − ०.४४ = ०.०६, म्हणजे +२.४. जिंकली असती तं +२२.४. प्रत्येक पायरीत बरोबर २० चा फरक. आता पहिला राऊंड घ्या, १९८५ वाल्याशी: हरली −३.२, ड्रॉ +१६.८, जिंकली +३६.८. इथंही २० चाच फरक. समोर कोणीही असो, हरण्यापासून ड्रॉपर्यंत के च्या अर्धं, अन् ड्रॉपासून जिंकण्यापर्यंत पुन्हा के च्या अर्धं. समोरच्याच्या रेटिंगवरून फक्त हे ठरते की शिडी कुठून सुरू होणार, पायऱ्यांची उंची बदलत नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटते, कारण पोरं बोर्डावर बसून चुकीचा विचार करतात. समोर कमी रेटिंगवाला आहे, ड्रॉ केली तं मायनस होईल, म्हणून बरोबरीची पोझिशन उगाच ताणतात, हत्ती मारायच्या नादात वजीर अडकवतात अन् हरतात. ड्रॉचं मायनस सहा झालं असतं तिथं हरल्यावर मायनस सव्वीस होते. किंवा उलटं, समोर मोठा खेळाडू आहे, पोझिशन आपली सरस आहे, एक प्यादं वर आहे, पण त्यानं ड्रॉ विचारल्याबरोबर पोरगं हात पुढं करते, कारण ड्रॉमध्येही प्लसच आहे. अरे पण जिंकलं असतं तं अजून वीस होते, अन् तेवढेच वीस पुढच्या कमी रेटिंगवाल्याशी घाम गाळून काढणार आहेस. अर्ध्या गुणाची किंमत प्रत्येक बोर्डावर सारखी आहे, म्हणून पाटावर पोझिशन पाहा, समोरच्याच्या नावापुढचा आकडा पाहू नका. वही घरी आल्यावर उघडायची, दोन राऊंडच्या मधल्या वेळात तं अजिबात नाही. त्या वेळात पोराला पोळी-भाजी खाऊ द्या, पाणी पाजा, थोडं बाहेर फिरू द्या.

अजून रेटिंगच नाही, त्यांनी काय करायचं

गावातल्या बहुतेक पोरांची सुरुवात इथूनच होते. आधी ऑल इंडिया चेस फेडरेशनची नोंदणी करून फिडेचा आयडी घ्यायचा. मंग रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी कमीत कमी ५ डाव झाले पाहिजेत. एकाच टुर्नामेंटमध्ये पाच मिळाले पाहिजेत असं नाही, २६ महिन्यांच्या आतल्या वेगवेगळ्या टुर्नामेंटचे मिळून चालतात. पण पहिल्याच टुर्नामेंटमध्ये रेटेड खेळाडूंविरुद्ध शून्य गुण झाले तं ते डाव धरत नाहीत.

मार्च २०२४ पासून पहिलं रेटिंग काढायची रीत बदलली आहे, जुने व्हिडिओ पाहून हिशोब करू नका. आता तुमच्या खऱ्या डावांसोबत १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी दोन ड्रॉ झाल्या असं धरतात.

उदाहरण घ्या. पोराचे पाच रेटेड खेळाडू: १५२०, १६१०, १४८०, १७००, १५९०. बेरीज ७९००. त्यात १८०० दोनदा, म्हणजे ३६०० मिळवा, ११५००. भागिले ७, सरासरी १६४३. आता गुण: पोरानं पाचात २.५ केले, अन् दोन काल्पनिक ड्रॉचा १, एकूण ७ पैकी ३.५, म्हणजे बरोबर अर्धे. अर्धे गुण असले की सरासरी हेच रेटिंग, १६४३.

अन् २.५ ऐवजी २ च केले असते तं ७ पैकी ३, म्हणजे ०.४३. तक्त्यात ०.४३ ला फरक ५० आहे, गुण अर्ध्यापेक्षा कमी म्हणून वजा करा, १५९३. बस एवढंच. निघालेलं रेटिंग १४०० च्या खाली आलं तं लिस्टमध्ये नाव लागत नाही. वरची मर्यादाही आहे, पहिलं रेटिंग २२०० च्या पुढं देत नाहीत.

त्याच मार्च २०२४ मध्ये फिडेनं खालची हद्द १००० वरून १४०० वर नेली अन् २००० च्या खालच्या सगळ्यांचे रेटिंग एकदाच वाढवून दिले. २००० पासून जेवढं खाली, त्याच्या ४० टक्के मिळाले. १५०० वाला १७०० झाला, १००० वाला १४०० झाला. म्हणून मार्च २०२४ च्या आधीचं रेटिंग अन् आताचं सरळ सरळ ताडून पाहू नका, मोठ्या भावाचं तेव्हाचं १३०० म्हणजे आताच्या भाषेत १५८० होते. अन् आता ज्याचं रेटिंग घसरत घसरत १४०० च्या खाली जाते तो लिस्टमधून निघून पुन्हा अनरेटेड होते, म्हणून १४१०-१४२० वर असलेल्या पोरांनी लागोपाठ टुर्नामेंट भरायच्या आधी थोडा सराव करावा असं माझं मत आहे. वर्षभर रेटेड डाव खेळलाच नाही तं मात्र रेटिंग जात नाही, फक्त नावापुढं इनॅक्टिव्ह लागते. दहावी-बारावीच्या वर्षी थांबायचं असेल तं बिनधास्त थांबा.

कुठली टुर्नामेंट निवडायची

आपल्याकडून नागपूर, अमरावती, अकोला गाठायचं म्हणजे पहाटेची एसटी, राहायची सोय, प्रवेश फी, अन् कापूस वेचणीच्या दिवसांत बापाला सोबत यायला फुरसत नसते. पोरींना अन् सोबत येणाऱ्या आईला एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. पैसा असा मोजून-मापून जाते तं टुर्नामेंटही मोजूनच निवडा. मागच्या वर्षीच्या त्याच स्पर्धेचा निकाल चेस रिझल्ट्सच्या साइटवर सापडते, तिथं खेळाडूंची यादी पाहा. अर्ध्याच्या वर अनरेटेड असतील तं नऊ राऊंड खेळून चार-पाचच डाव मोजले जातील, मंग त्या खर्चात दुसरी बरी. पोराच्या रेटिंगपेक्षा शंभर-दीडशेनं वरचे भरपूर असतील तं ती सगळ्यात चांगली, कारण तिथं अपेक्षा कमी अन् शिकायला जास्त.

१६०० च्या खालच्यांसाठी, १८०० च्या खालच्यांसाठी अशा मर्यादेच्या टुर्नामेंटही असतात, रोख बक्षिसं मोठी असतात. कधीकधी खेळायला हरकत नाही. पण त्या बक्षिसासाठी पोराचं रेटिंग मुद्दाम मर्यादेच्या आत ठेवायचं, ओपन खेळू द्यायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. के ४० असतानाची वर्षं एकदाच येतात. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, अमरावतीचे स्वप्नील धोपाडे ग्रँडमास्टर आहेत, मजबूत खेळाडूंसमोर बसल्याशिवाय तिथवर कोणी जात नाही. ग्रँडमास्टरला २५०० रेटिंग अन् नॉर्म, म्हणजे टुर्नामेंटमधली ठरलेल्या दर्जाची कामगिरी, लागतात, दिव्याला वर्ल्ड कप जिंकल्यामुळं थेट मिळालं, तो वेगळा रस्ता आहे.

मोबाईलवरचं रेटिंग वेगळं

पोरं सांगतात, सर माझं लिचेसवर (ऑनलाइन चेसची साइट) १९०० आहे, मंग फिडेत १५०० च कसं? त्या दोघांचा संबंध नाही. लिचेस अन् चेस डॉट कॉम ग्लिको पद्धत वापरतात, ती मार्क ग्लिकमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांची आहे. त्यात रेटिंगसोबत अजून एक आकडा चालते, की हे रेटिंग किती पक्कं आहे. नवीन अकाउंट किंवा लय दिवस बंद असलेलं अकाउंट म्हणजे कच्चं, मंग एका डावात मोठमोठ्या उड्या पडतात, लिचेसवर तं १५०० ला प्रश्नचिन्ह लावूनच सुरुवात होते. खेळत गेलं की आकडा पक्का होते अन् बदल पाच-सात पॉइंटवर येते. तिथं वरचा तक्ता अन् के लावून उत्तर जुळणार नाही, लावूही नका.

शेवटची पायरी: साइटवर ताडून पाहा

फिडेच्या रेटिंगच्या साइटवर नाव किंवा आयडी टाकला की खेळाडूचं पान उघडते. तिथं कॅल्क्युलेशन्सच्या भागात महिना निवडला की प्रत्येक डाव दिसते, समोरच्याचं रेटिंग, निकाल, के अन् बदल. तुमची वही शेजारी ठेवा अन् ओळीनं जुळवा. जुळलं नाही तं या क्रमानं शोधा: के तोच धरला का, समोरच्याचं रेटिंग बरोबर महिन्याच्या लिस्टमधलं घेतलं का, एखादा अनरेटेड किंवा न आलेला खेळाडू चुकून मोजला का, अन् तुम्ही क्लासिकलच पाहून राहिले ना, रॅपिड तं नाही. टुर्नामेंटच दिसत नसेल तं आयोजकांकडून रिपोर्ट उशिरा गेला असेल, तेव्हा पुढच्या महिन्याच्या १ तारखेपर्यंत थांबा. निकालच उलटा चढला असेल, म्हणजे तुम्ही जिंकले अन् तिथं हार दिसते, तं त्या टुर्नामेंटच्या चीफ आर्बिटरला लगेच कळवा, राऊंड नंबर, बोर्ड नंबर अन् सही केलेल्या स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो सोबत द्या. म्हणून स्कोअरशीट घरी आल्यावर फेकू नका, त्या महिन्याची लिस्ट येऊन हिशोब जुळेपर्यंत वहीतच ठेवा.